३७६ कुठून आले?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. थंडीचं सत्र अर्धं सरलं, पोर्शन मागे पडलाय आणि तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, असं तू लिहिलं आहेस. पोर्शनचं नंतर बघू. आधी वजाबाकी.

४०२ मधून १७८ वजा करायला दे. दोन-चार वह्यांत ३७६ हे उत्तर हमखास सापडेल. लाल फुली मारण्याआधी ते कुठून आलं ते शोध. आठातून दोन गेले, सहा. सातातून शून्य गेला, सात. चारातून एक गेला, तीन. मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. म्हणजे तो गोंधळलेला नाही, त्यानं स्वतःपुरता एक नियम केलाय आणि तो काटेकोर पाळतोय. 'लहानातून मोठा जात नाही' हे त्याला पहिलीत आपणच शिकवलेलं असतं!

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका मुलाला मी सरावासाठी तसलीच वीस गणितं दिली होती. त्यानं वीसही मन लावून सोडवली, वीसही चुकली. मी त्याच्याकडून चुकीच्या नियमाचाच रियाज करून घेतला होता. 'कसं केलंस, मोठ्यानं सांग' असं एकदा म्हटलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

खरी अडचण मधल्या शून्यात आहे. एककाला दशकाकडून हवं असतं आणि दशकाचं घर रिकामं. फळ्यावर शून्य खोडून नऊ लिहिला की मुलांना ती जादू वाटते. म्हणून काड्यांचे गठ्ठे काढ. शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहाचे दहा गठ्ठे. त्यातला एक सोडला की दहा सुट्या, आधीच्या दोन मिळून बारा. आता मोज: तीन शतकं, नऊ दशकं, बारा एकक. काड्या तेवढ्याच, ४०२. नऊ कुठून आला ते हाताला कळतं, मग २२४ पर्यंत जायला वेळ लागत नाही. आणि एक, 'उसना घेतला' म्हणायचं मी केव्हाच सोडलं. एका मुलीनं विचारलं होतं, 'मग परत कधी करायचा?' तिचं बरोबर होतं. 'सुटे केले' म्हण.

जाता जाता ८ + ४ = □ + ५ हेही देऊन बघ. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितील, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम, अशी त्यांची समजूत असते. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे त्यांना कुणी बोलून दाखवलेलंच नसतं. पाढ्यांबद्दल मला फार सांगायचं नाही. रोज पाच मिनिटं, बास.

विज्ञानाला मात्र थंडीसारखा ऋतू नाही. बर्फाचं पाणी भरलेल्या पेल्याला बाहेरून थेंब येतात. मुलं म्हणतील, पेला झिरपतोय. लगेच 'हवेतली वाफ' म्हणून मोकळं होऊ नकोस. पाण्यात रंग टाक. झिरपत असेल तर थेंब रंगीत यायला हवेत ना? थेंब पुसणारा पांढरा कागद पांढराच राहिला की प्रश्न मुलांचा होतो: मग हे पाणी आलं कुठून? तोंडातून निघणाऱ्या 'धुरा'चंही उत्तर तिथेच आहे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपण पाहतो ते ती गार होऊन बनलेले बारीक थेंब.

काठीच्या सावलीचा उपक्रम तू डिसेंबरात घेतलास आणि 'सावली बदलतच नाही' म्हणून मुलं कंटाळली, हेही वाचलं. चूक त्यांची नाही, तुझीही नाही. २१-२२ डिसेंबरच्या आसपास दुपारची सावली उत्तर गोलार्धात वर्षातली सर्वांत लांब असते, पण त्या दिवसांत ती बदलते फार हळू. जानेवारीच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा खूण करा, फरक ठळक दिसेल. ठरलेल्या वेळीच मोजा. घड्याळात बारा वाजले की सावली सर्वांत आखूड असते असं मात्र सांगू नकोस. बहुतेक ठिकाणी ती वेळ थोडी मागेपुढे असते.

'सूर्य लांब गेला म्हणून थंडी' असं कुणीतरी म्हणेलच. खरं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ते अंतर १५.२ कोटींच्या आसपास जातं. हे आकडे तुझ्यासाठी. पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कलही या वयात पाठ करून घेऊ नकोस. अंधाऱ्या खोलीत कागदावर टॉर्च आधी सरळ धर, मग तिरका. तिरक्या प्रकाशाचा डाग पसरतो आणि फिका होतो. थंडीतलं ऊनही असंच तिरकं पडतं. त्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारायला लाव.

पुढच्या पत्रासोबत बरोबर उत्तरांच्या वह्यांचे फोटो नकोत. ३७६ वाल्या दोन वह्या पाठव, आणि ती मुलं काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत लिहून.

तुझी,
बाई