वाचकांचे प्रश्न : मानसशास्त्राची पदवी आणि पुढची नोंदणी

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे. नाशिकमध्येच बी.ए. केले तर चालेल का? एकूण किती वर्षे धरून चालायची?
– एक पालक, इंदिरानगर

बी.ए. नाशिकमध्ये केल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने : पदवीचे नाव पाहून प्रवेश घेतला जातो, नोंदणीचे नंतर बघू म्हणून. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. आधी नोंदणी कशाने मिळते ते पाहा आणि मग मागे येत येत कॉलेज ठरवा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांचे निदान आणि मानसोपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद केंद्रीय नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत नाव लागण्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, परिषदेने मान्य केलेल्याच संस्थेत पूर्ण करावा लागतो. नुसते बी.ए. किंवा नुसते एम.ए. सायकॉलॉजी त्यासाठी पुरत नाही. आजवरची सरळ वाट अशी होती : ३ वर्षे बी.ए., २ वर्षे एम.ए. किमान ५५ टक्क्यांनी, मग प्रवेश परीक्षा देऊन २ वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयात, देखरेखीखाली. एकूण ७ वर्षे.

ही वाट आता बदलते आहे, आणि तुमच्या मुलीला नेमका हाच बदल लागू पडणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.च्या प्रवेशांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. त्यांच्या जागी परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणले : ४ वर्षांचे बी.एस्सी. ऑनर्स, २ वर्षांचे एम.ए. आणि त्यापुढे साय.डी., म्हणजे या विषयातली व्यावसायिक डॉक्टरेट. म्हणून जुन्या ताईदादांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. त्यांच्या वेळी तो बरोबर होता.

इथे एक खड्डा आहे. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव अनेक विद्यापीठे वर्षानुवर्षे वापरत आली आहेत, परिषदेच्या मान्यतेशिवाय. पदवी खरी, विद्यापीठ खरे, पण नोंदणी नाही. दोन वर्षे आणि फी गेल्यावर हे कळते तेव्हा मुलांचे फार नुकसान झालेले असते. म्हणून प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी उघडा. संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकाच संस्थेतला एक अभ्यासक्रम मान्य आणि शेजारचा अमान्य असू शकतो. शिवाय हा अभ्यासक्रम केल्यावर नोंदवहीत कोणते पदनाम लागते, तेही विचारा. १ वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा करणाऱ्यांची नोंद ‘असोसिएट’ म्हणून होते. ती पूर्ण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या बरोबरीची नाही.

आता नाशिकचे कॉलेज. इथली बहुतेक कला महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय आणि दुय्यम विषय, म्हणजे मेजर आणि मायनर, वेगळे असतात. प्रवेशाच्या वेळी ‘आमच्याकडे सायकॉलॉजी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तिसऱ्या वर्षापर्यंत तो मेजर म्हणून शिकवला जातो का, त्याला कायम शिक्षक आहेत का, प्रयोगशाळा आणि चाचण्यांचे साहित्य आहे का, हे विभागात जाऊन विचारा. काही ठिकाणी मुले पुरेशी नसली की मेजर चालवत नाहीत आणि मुलीला मायनरवर समाधान मानावे लागते. मग एम.ए.च्या पात्रतेत अडचण येऊ शकते.

प्रश्न : सातपूरला कंपनीत नोकरी करतो. मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, तर नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने सायकॉलॉजी करावे का?
– एक वाचक, सातपूर

व्यवसाय हा हेतू असेल तर नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीसह आरोग्याशी जोडलेले काही विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवू नयेत, असे अनुदान आयोगाने सर्व संस्थांना कळवले आहे. बी.ए.मध्ये अनेक विषय असतील तर फक्त सायकॉलॉजीचा पर्याय वगळायचा, बाकीचे विषय चालू राहतील. तेव्हा कुठल्याही एजंटने ‘ऑनलाइन सायकॉलॉजी, हमखास नोंदणी’ म्हटले तर पैसे भरू नका. तुमच्यासाठी खरी शक्यता नियमित कॉलेजची आहे : सकाळच्या सत्राचे कॉलेज आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीची नोकरी जमते का ते पाहा. मात्र पुढचे रुग्णालयातले प्रशिक्षण पूर्णवेळ असते, ते नोकरीसोबत होत नाही. त्या वर्षांच्या खर्चाची तजवीज आधीच करावी लागेल.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून बी.ए. करते आहे. प्रवेश परीक्षेत मागे पडेन का?
– एक विद्यार्थिनी, सटाणा

बंगळुरूचे निम्हान्स, रांचीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अशा मानसिक आरोग्य संस्थांच्या प्रवेश परीक्षेची तयारी इंग्रजीतूनच करावी लागते, पण तेवढ्याने मागे पडण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षापासून वहीत दोन रकाने पाडा. वेदन म्हणजे सेन्सेशन, अवधान म्हणजे अटेन्शन, प्रबलन म्हणजे रिइन्फोर्समेंट, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. रोज पाच शब्द लिहिले तरी तीन वर्षांत पाच हजारांवर जातात. तुम्हाला त्याच्या निम्मेही लागणार नाहीत. उत्तर मराठीत लिहून झाले की त्याच मुद्द्याच्या चार ओळी इंग्रजीत लिहा.

खरी गळती होते ती संख्याशास्त्रात. कला शाखेची मुले मध्य, मध्यांक, बहुलक पाठ करून थांबतात. सहसंबंध, टी-चाचणी, काय-वर्ग आणि प्रसरण विश्लेषण, या चार गोष्टी हाताने, कागदावर सोडवा. कोणत्या प्रकारच्या माहितीला कोणती चाचणी लावायची हे कळले की संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर सुटतो. प्रयोगवही दुसऱ्याची उतरवू नका. सूचना नीट दिल्या नाहीत किंवा वेळ चुकला की चाचणीचा निकाल कसा बिघडतो, ते स्वतः प्रयोग घेतल्याशिवाय समजत नाही.

आणि तुमची मराठी, येत असेल तर अहिराणीसुद्धा, जपा. बागलाण-मालेगावकडची आजी ‘जीव घाबरा होतो’ म्हणते तेव्हा ती छातीतले दुखणे सांगते आहे, भीती सांगते आहे की दोन्ही, हे तिच्याच बोलीत विचारता आले पाहिजे.

प्रश्न : एम.ए. (समुपदेशन) झाले आहे. कॉलेज रोडला केंद्र काढून पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू का?
– एक वाचक, नाशिकरोड

लिहू नका. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार १ वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड किरकोळ वाटेल, पण पाटी वाचून येणारा माणूस निदानाच्या अपेक्षेने येतो, आणि चुकीच्या निदानाची किंमत तो मोजतो. ‘समुपदेशक, एम.ए.’ लिहा. आत्महत्येचे विचार, भास-भ्रम, फेफरे दिसले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, त्यासाठी दोन-तीन डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

२०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने आरसीआयच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञही नोंदणीच्या चौकटीत आणले आहेत. ही नोंदणी याच कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे व्हायची आहे, आरसीआयकडे नाही. त्यासाठी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाने दिलेली प्रत आणि देखरेखीखाली केलेल्या कामाचे तासवार पत्र, पर्यवेक्षकाच्या सही-शिक्क्यासह, आताच जमवा. पर्यवेक्षक निवृत्त झाले किंवा गाव सोडून गेले की हे पत्र मिळवणे फार जड जाते.