कोल्हापुरी चपलांच्या सेलच्या ईमेलमध्ये काउंटडाउन टायमर टाकावा का?

टाका, पण सेल खरोखर त्याच वेळेला संपणार असेल तरच. महाद्वार रोडवरच्या दुकानांचे मेल मीच बनवतो, त्या अनुभवावरून सांगतो. मेलमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटवर टायमर चालवणारा कोड, चालत नाही. टायमर म्हणजे मेल उघडताना सर्व्हरने तयार करून दिलेली जिफ, म्हणजे हलतं चित्र, असते. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये तिची पहिलीच फ्रेम दिसते. ॲपल मेल चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे आकडा शिळा निघू शकतो. म्हणून टायमरखाली साध्या अक्षरांत ‘रविवार, रात्री ११:५९ पर्यंत’ असं लिहाच. मुदत संपली की टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, गिऱ्हाईकाच्या ते लगेच लक्षात येतं. शिवाय केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (गिऱ्हाईकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोटी घाई दाखवायला बंदी आहे.