प्रायव्हेट आहे म्हणजे डोनेशनवालं का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावीला आहे, दोन वर्षांपासून जपानीचा क्लास करते आणि आता म्हणते टोकियोच्या वासेदा युनिव्हर्सिटीतच जायचं. माझे भासरे म्हणतात, प्रायव्हेट आहे ना, मग पैसे भरून सीट देत असतील. खरंच तसं आहे का हो? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भासऱ्यांना तसं वाटणं साहजिक आहे, आपल्याकडे प्रायव्हेट म्हटलं की आधी डोनेशनच आठवतं. पण वासेदाचं तसं नाही हो. जपानमध्ये टोकियो, क्योटो या सरकारी युनिव्हर्सिट्या वरच्या मानतात हे खरं, पण खासगीत वासेदा आणि केइओ ही दोनच नावं आधी येतात, आणि एन्ट्रन्स इतकी कठीण की नंबर नाही लागला तर पोरं वर्षभर ड्रॉप घेऊन परत बसतात, आपल्या नीट-जेईईवाल्यांसारखीच. अशांना तिकडे रोनिन म्हणतात, म्हणजे मालक नसलेला सामुराई.

आणि प्रायव्हेट का, तर ते मला फार भावतं. वासेदा काढणारे ओकुमा शिगेनोबू जपानच्या सरकारात मोठे मंत्री होते, संसद लवकर आणा म्हणून अडून बसले तर 1881 मध्ये त्यांना सरकारातून काढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी पक्षही काढला आणि ही शाळाही काढली, त्यामुळे सरकारला तिच्यावर कायम संशय. ब्रीदच ‘विद्येचं स्वातंत्र्य’. टोकियोच्या सरकारी युनिव्हर्सिटीत तेव्हा बरंचसं इंग्रजीतून शिकवत होते, इथे मात्र जपानीतून! आपण मराठी शाळांसाठी इतके भांडतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगते.

वासेदा हे नाव 1902 मध्ये मिळालं. अर्थ काय, तर लवकर येणाऱ्या धानाचं शेत, आपल्या भंडारा-गोंदियाकडे हलकं धान म्हणतात तेच. शाळा धानाच्या बांध्यांमध्येच उभी राहिली होती.

ओकुमा दोनदा पंतप्रधान झाले, त्याआधी 1889 मध्ये बॉम्बहल्ल्यात उजवा पाय गेला होता, तरी माणूस 125 वर्षं जगू शकतो असं म्हणायचे. म्हणून 1927 मध्ये त्यांच्या नावाचं सभागृह बांधलं तर त्याच्या घड्याळाच्या टॉवरची उंची 125 शाकू ठेवली, शाकू म्हणजे जपानचं लांबीचं जुनं माप, म्हणजे साधारण 38 मीटर. आणि मुख्य गेटला दारंच नाहीत, कोणीही आत जावं.

सोनी कंपनी काढणाऱ्यांपैकी इबुका, लेखक मुराकामी, माजी पंतप्रधान किशिदा हे सगळे इथलेच.

आता तुमच्या मुलीचं. 2004 पासून तिथे एक पूर्ण विभाग इंग्रजीतून डिग्री देतो, तो आधी बघा. फी सरकारीपेक्षा जास्त पडते, तेव्हा स्कॉलरशिपचे फॉर्म अर्जासोबतच बघून ठेवा. जपानीचा क्लास मात्र बंद करू नका, लेक्चर इंग्रजीत असलं तरी घरमालक, दवाखाना, पार्टटाइम काम सगळं जपानीतच असते.