झालं गेलं पंचगंगेला?

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. आजोबांची पेटी सूर लावायला दिलीस आणि दुकानातल्या पोराच्या हातून ती फळीवरून उतरवताना निसटली. भाता फाटला, चार पट्ट्या मोडल्या. मालक म्हणाले, "मुद्दाम केलं नाही ओ!" मुद्दाम कोण पाडतंय? पण तेवढ्यानं विषय मिटत नाही.

1872 चा करार कायदा यात सरळ बोलतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली, की साधा शहाणा माणूस स्वतःची तसलीच वस्तू जेवढी जपेल, तेवढी ती जपायची. एवढं करूनही नुकसान झालं, तर दोष नाही. म्हणजे 2019 च्या ऑगस्टसारखं पुराचं पाणी अचानक दुकानात शिरलं असतं, तर मी तुला गप बस म्हणालो असतो. इथं मात्र विचार, की एवढी जड पेटी एकट्या पोराला स्टुलावर चढून कुणी उतरवायला सांगितली? पोराला दोष देऊ नकोस. त्याच्या पगारातून कापून घेतलेले पैसे घेणार असशील, तर मला पुढचं काही सांगू नकोस.

पैसे ठरवून काम दिलं होतंस ना? मग तू ग्राहक. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघता येतं. ओळखीखातर फुकट करून देत असते, तर आयोगाचा रस्ता बंद होता.

पण लगेच तिकडं पळू नकोस. आधी मोडलेल्या पेटीचे फोटो काढ, पावती सांभाळ. दुसऱ्या कारागिराकडून दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून घे आणि तेवढाच माग. नव्या पेटीची किंमत मागितलीस तर समोरचा लगेच पाठ फिरवेल, आणि ते रास्तही नाही. पेटी जुनी होती. आजोबांची बोटं त्या पट्ट्यांवरून फिरली होती, त्याचं मोल कुठल्या कागदावर लिहिणार?

माझंच सांगतो. माझा लग्नातला सूट पेठेतल्या एका लाँड्रीत इस्त्रीनं जळला. खिशाच्या वर, इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तपकिरी डाग. पावतीमागं छापलेलं होतं, "मालाची जबाबदारी आमची नाही." ते वाचलं, झालं गेलं पंचगंगेला मिळालं म्हटलं आणि घरी आलो. मोठेपणा वाटला. पुढं अकरा वर्षं ती गल्ली टाळून मिरजकर तिकटीला वळसा घालून मी कामावर जात होतो. त्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मागितलंच नव्हतं, तर तो देणार कुठून?

तेव्हा एकदा नीट माग. तोंडी नको, चार ओळी लिहून, तारीख घालून, एक प्रत आपल्याकडं ठेवून. मालकांनी भाता स्वतः बदलून देतो म्हटलं तर खुशाल हो म्हण, फक्त कधी देणार ते लिहून घे. नाहीच म्हणाले, तर आयोगात जायचं की सोडायचं, हे तू ठरव. सोडलंस तरी मी नावं ठेवणार नाही.

रविवारी सकाळी ये. मजकूर तूच लिहून आण, मी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघीन. आणि पेटीही आण, भात्याला तात्पुरती चिकटपट्टी लावून मधलं सप्तक वाजतंय का बघू.

तुझा,
काका