जुन्या वर्तमानपत्रांत छापलेल्या अनोळखी कवींच्या कविता वाचण्यात काही राम आहे का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी वसाहतींमधल्या वर्तमानपत्रांत ज्या कविता छापून यायच्या, ज्यांच्या कवींची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत, त्या वाचण्यात काही राम आहे का. खरं सांगायचं तर बहुतेकींत नाही.

मी सिडनीत राहते. रात्री जेवणं उरकली की ‘ट्रोव्ह’वर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर दुरुस्त करत बसते. हे काम कुणीही करू शकतं. छापील पान यंत्राने वाचलं की इंग्रजी ‘ई’ अक्षराचा कधीकधी ‘ओ’ होतो, असल्या चुका काढायच्या. या नादात कवितांचा ढीग नजरेखालून गेलाय. मायदेशाची आठवण, मावळतीचा सूर्य, कुणाचं तरी अकाली निधन. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं. रकान्याची जागा भरली, संपादक खूश.

पण एलायझा हॅमिल्टन डनलॉप या बाईंची एक कविता मात्र वाचाच. ती ‘द ऑस्ट्रेलियन’ या सिडनीच्या वर्तमानपत्रात १३ डिसेंबर १८३८ला आली. (आपलं ‘दर्पण’ सुरू होऊन तेव्हा जवळजवळ सात वर्षं झाली होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) शीर्षकाचा अर्थ ‘आदिवासी आई’. कवितेइतकीच ही तारीखही लक्षात ठेवा.

त्या वर्षी १० जूनला न्यू साउथ वेल्समध्ये मायल क्रीक इथे गुरांच्या वाड्यावर काम करणाऱ्या घोडेस्वारांच्या टोळीने किमान २८ आदिवासींना बांधून नेऊन कापलं आणि मग प्रेतं जाळली. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मारेकरी बहुतेक शिक्षा होऊन इंग्लंडहून इकडे पाठवलेले कैदी किंवा सुटलेले कैदी. अकराजणांवर खटला चालला. नोव्हेंबरमध्ये पहिल्या सुनावणीत सगळे सुटले. सरकारने दुसरा खटला भरला, त्यात सातजण दोषी ठरले आणि १८ डिसेंबरला फासावर गेले. ‘सिडनी हेरल्ड’ उघडउघड आरोपींच्या बाजूने लिहीत होतं. म्हणजे निकाल लागलाय, फाशी पाच दिवसांवर आलीय, आणि गावभर त्याचीच चर्चा चाललेली असताना ही कविता लोकांच्या हातात पडली.

कविता म्हणजे अंगाई आहे. पण आई बाळाला झोपवत नाहीये, गप्प करतेय. तुझं रडणं त्या फिकट तोंडाच्या माणसांना ऐकू जाईल, मग माझी दुबळी ताकद काय कामाची, असं म्हणतेय. बापाबद्दल सांगते की तो ‘इंग्रजी पोलादा’ने पडला. इंग्रजांच्या वसाहतीत, इंग्रजी पेपरात छापलेले हे शब्द! बाई मूळच्या आयर्लंडच्या, ते इथे जाणवतं.

शेवटच्या कडव्यात मेलेला बाप मारल्या गेलेल्या मुलाला घेऊन ताऱ्यांपलीकडे देवासमोर जातो. कशाला? सांगायला. मैत्रीचे हात पुढे करून लाकडं कशी रचली, माणसं कशी जाळली, हे सांगायला. ‘सांगायला’ हा शब्द तिथे पुन्हा पुन्हा येतो. मी आधी म्हटलं, असेल, वृत्त जुळवायला घेतला असेल. नंतर खटल्याची हकीकत वाचली तेव्हा कळलं की ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून आदिवासी माणसाची साक्ष तेव्हाचं कोर्ट घेतच नसे. डेव्ही नावाचा तरणा आदिवासी वाड्यावरच होता, त्याला साक्षीला उभं करता आलं नाही. खटला टिकला तो मुख्यतः जॉर्ज अँडरसन या कैद्याच्या साक्षीवर. कोर्टात ज्यांना तोंड उघडता येत नव्हतं, त्यांच्यातल्या एकीला डनलॉपबाईंनी पेपरच्या रकान्यात उभं केलं.

कविता म्हणून ती निर्दोष नाही. ही आई दिवाणखान्यातल्या इंग्रजीत रडते, उसासे जरा जास्तच आहेत. आणि बाई स्वतःही त्याच जमिनीवर येऊन वसलेल्या. फेब्रुवारी १८३८मध्ये त्या इथे उतरल्या. पुढच्या वर्षी नवरा वोलोम्बी या गावी पोलीस मॅजिस्ट्रेट झाला. पण तिथे बाईंनी आदिवासींचे शब्द आणि गाणी लिहून घेतली, हे त्या काळात फार थोड्यांनी केलं.

त्यांचा आपल्याकडचाही एक धागा आहे. वडील भारतात वकिली करायला आलेले. १८२०मध्ये त्या त्यांना भेटायला भारतात आल्या, तर वडील आधीच वारलेले, आणि आपल्याला दोन भारतीय सावत्र बहिणी आहेत हे त्यांना तिथे कळलं. अंगाईत याचा किती वाटा आहे ते सिद्ध करता येणार नाही, पण वाचताना मला त्या दोघी बहिणी आठवतात.

१८४१मध्ये आयझॅक नेथन या संगीतकाराने कवितेला चाल लावली आणि सिडनीत ती मैफलीत गायली गेली. ‘हेरल्ड’ने नाक मुरडलं: आदिवासी असे नसतात, म्हणे. बाई गप्प बसल्या नाहीत, पत्र लिहून उत्तर दिलं. गंमत बघा, १८४८मध्ये त्यांनी इंग्रजीत आणलेलं एक आदिवासी गाणं छापलं ते याच पेपराने. तोवर त्याच्या नावात ‘मॉर्निंग’ शिरलं होतं.

त्यांचं पुस्तक त्यांच्या हयातीत निघालं नाही. १८८०मध्ये त्या वोलोम्बीतच वारल्या.

वाचायची असेल तर ट्रोव्हवर बाईंचं नाव आणि १८३८ टाकून शोधा. शेजारी दिसणारा यंत्राने वाचलेला मजकूर सोडा, पानाचं चित्र उघडा आणि जरा मागे सरकवा, म्हणजे आजूबाजूचे रकानेही दिसतील. मजकुरात एखाद्या ‘ई’चा ‘ओ’ दिसलाच, तर जाता जाता तेवढा दुरुस्त करा.