थीसिस लिहून झाला, पण 'लावायचा' कसा?

प्रश्न: नमस्कार सर, मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे, रजिस्ट्रेशन २०२० चं. विषय तिसरीतल्या कोलाम या आदिवासी जमातीच्या मुलांच्या मराठी वाचनाचा. डेटा झाला, लिखाणही झालं म्हणा ना, पण सगळं तुकड्यातुकड्यात आहे. अर्धं तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलं, बाकी मी मोबाईलवर बोलून टाईप केलं. एकूण ४१० पानं झाली. गाईड म्हणतात "व्यवस्थित लावून आणा", पण व्यवस्थित म्हणजे काय ते कळत नाही. मिस्टरांचे एक मित्र म्हणतात ३५ हजार द्या, सगळं रेडी मिळते. सहा वर्षं संपत आली, काय करू? मुखपृष्ठ, नोंदणीचं पत्र, अनुक्रमणिका, प्रकरणांची काही पानं, संदर्भसूची आणि परिशिष्ट यांचे फोटो पाठवले आहेत.

उत्तर: ताई, नमस्कार. फोटो पाहिले, झूम करकरून पाहिले. तुमचं काम बिघडलेलं नाही, फक्त पहिल्या वेच्याचा चांगला कापूस आणि फरदड, म्हणजे शेवटचा हलका कापूस, एकाच ढिगात पडलीय. माल घरचाच आहे, वेगळा करायला बसावं लागेल एवढंच.

३५ हजाराचं आधी मिटवून टाकू. टायपिंगचे, बाइंडिंगचे पैसे द्या, त्यात काही वावगं नाही, सगळेच देतात. पण "सगळं रेडी" म्हणजे निष्कर्षही तोच लिहिणार, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक विचारतील की ताई तुम्ही दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायला टी-टेस्टच काहून लावली, तेव्हा तो मित्र तर तिथं नसणार ना. सहा शाळांत पायपीट तुम्ही केली, तर हेही तुमच्याच्यानं होते.

आता 'व्यवस्थित लावणे' म्हणजे काय. बरेच जण समजतात की मार्जिन, फॉन्ट, पान नंबर. ते आहेच, त्यावर येतो, पण गाईड जेव्हा असं म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्यांना म्हणायचं असते की तुमची उद्दिष्टं पहिल्या प्रकरणात एक बोलतात आणि पाचव्या प्रकरणातले निष्कर्ष दुसरंच काही बोलतात. तुमच्याकडं नेमकं तेच झालंय. अनुक्रमणिकेखाली पेनानं लिहिलेली उद्दिष्टं पाच आहेत, शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष मोजले तर सात. सातवा निष्कर्ष शालेय पोषण आहाराचा आहे! ताई, तो आला कुठून? मला वाटते शिक्षकांच्या मुलाखतीत कोणीतरी बोललं असेल की खिचडीमुळं मुलं शाळेत टिकतात, तुम्हाला ते पटलं आणि तुम्ही घातलं. बरोबर असेलही, पण ते तुमच्या एकाही उद्दिष्टात नाही. आणि उलट चौथं उद्दिष्ट, ते शिक्षकांना कोलामी किती समजते याचं, त्याची सारणी ४.९ आहे पण निष्कर्ष शोधूनही सापडला नाही, आणि खरं सांगू का, मला तर तुमच्या अख्ख्या कामात तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटला.

म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी एक ड्रॉइंग शीट घ्या, शाळेत असतेच. आडवी ठेवा आणि पाच घरं पाडा, उद्दिष्ट, साधन, विश्लेषण कोणत्या सारणीत, निष्कर्ष, शिफारस. मग प्रत्येक उद्दिष्टाचं बोट धरून डावीकडून उजवीकडं चालत जा. तुमचं दुसरं उद्दिष्ट घ्या, "कोलामी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनातील अडचणींचा शोध घेणे". साधन कोणतं, वाचन चाचणी आणि शिक्षक मुलाखत. सारण्या कोणत्या, ४.३ ते ४.६. निष्कर्ष कोणता, दुसरा. शिफारस कोणती, पहिली. झालं, ओळ पूर्ण भरली. जिथं घर रिकामं राहते तिथं लिखाण बाकी आहे, आणि जो कागद कोणत्याच घरात बसत नाही तो कितीही आवडता असला तरी बाहेर. खिचडीला फारच जीव असेल तर "इतर निरीक्षणे" म्हणून चार ओळी ठेवा. ही शीट भिंतीला लावा. थीसिस लागला की नाही हे या शीटवरून कळते, प्रिंटवरून नाही.

चौथं प्रकरण तुम्ही शाळेनुसार लावलंय, पहिल्या शाळेची पूर्व चाचणी, उत्तर चाचणी, मग दुसरी शाळा, असं करत सहा. कामाच्या वेळी तेच सोयीचं होतं, फायली तशाच होत्या. पण वाचणाऱ्याला शाळा नाही पाहायची, त्याला उद्दिष्ट पाहायचं आहे. तेव्हा ४.१ पहिलं उद्दिष्ट, ४.२ दुसरं, असे भाग पाडा आणि सहाही शाळा त्या त्या भागात एकत्र आणा. प्रत्येक सारणीखाली दोन परिच्छेद, एकात निरीक्षण, दुसऱ्यात अर्थनिर्वचन. सारणीतले सगळे आकडे खाली अक्षरात परत लिहू नका, पानं वाढतात फक्त. आणि तुमच्या फोटोत एक वाक्य आहे, "टी मूल्य ४.१२ आल्याने परिकल्पना सिद्ध झाली". असं नाही चालत ताई. तुमचे दोन गट ३२-३२ चे, म्हणजे स्वाधीनता मात्रा (डिग्री ऑफ फ्रीडम) ३२ अधिक ३२ वजा २, म्हणजे ६२, ०.०५ स्तरावर टेबल मूल्य साधारण २.००, मिळालेलं मूल्य त्याहून मोठं म्हणून शून्य परिकल्पना (दोन गटांत फरक नाही, ही) त्याज्य, असं लिहायचं. आणि त्यानंतर साध्या भाषेत, म्हणजे प्रायोगिक गटातली मुलं वाचनात पुढं गेली, कशात गेली, जोडाक्षरात की आकलनात. परीक्षक इथंच थांबून वाचतात.

दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनांचा आढावा, १४० पानं. बापा! त्यात ९० संशोधनं, प्रत्येकाचं शीर्षक, उद्दिष्टं, नमुना, निष्कर्ष, आणि मग पुढचं. हा आढावा नाही, ही यादी झाली. त्यांचे चार ढीग करा, मातृभाषेतून शिक्षण, आदिवासी मुलांचं वाचन, द्विभाषिक वर्ग, शिक्षकांची तयारी, आणि प्रत्येक ढिगाच्या शेवटी एक पान, की यातून काय समजलं आणि काय राहिलं. "काय राहिलं" यातूनच तुमच्या संशोधनाची गरज सिद्ध होते. १४० चे ६० झाले तर कोणी रडणार नाही. पहिल्या प्रकरणाचंही तसंच, आपल्याकडं शिक्षणशास्त्राचा थीसिस वैदिक काळापासून सुरू करायची कोणाची सवय आहे देव जाणे, मग कोठारी आयोग, मग १९८६ चं धोरण. तुमचा विषय कोलाम मुलांचा आहे. २०२० च्या धोरणातला निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा मुद्दा घ्या, कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात हे घ्या, कोलामी द्रविड कुळातली भाषा आणि मराठी इंडो-आर्यन हे घ्या, म्हणजे मूल नुसतं नवी लिपी नाही शिकत तर वेगळ्याच कुळातली भाषा शिकते. एवढ्यावर प्रस्तावना उभी राहते, गुरुकुलाची गरज नाही.

तिसऱ्या प्रकरणात एक गंमत सगळ्यांची होते. ते सिनॉप्सिसमधून, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या आराखड्यातून, उचललेलं असते, आणि सिनॉप्सिस भविष्यकाळात असते. "नमुना निवड करण्यात येईल", "चाचणी घेण्यात येईल". ताई, घेऊन तीन वर्षं झाली! सगळं "करण्यात आली" करा, आणि फाइंड-रिप्लेसनं नका करू, वाचून करा. तसंच कुठं न्यादर्श, कुठं नमुना, कुठं सॅम्पल, एकच शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच.

आता कृतीदेवचं. याला सगळ्यात जास्त वेळ लागेल म्हणून जरा नीट सांगतो. कृतीदेवमध्ये तुम्हाला स्क्रीनवर 'क' दिसतो पण फाईलच्या आत इंग्रजी 'डी' बसलेला असतो. फॉन्ट काढला की सगळी गिचमिड. विद्यापीठाच्या प्लॅगरिझम, म्हणजे मजकुराची उचलेगिरी पकडणाऱ्या, सॉफ्टवेअरला ती गिचमिडच दिसते, आणि काही हुशार लोक यालाच फायदा समजतात की मॅच शून्य येतो. तसं करू नका, पकडलं तर आहेच, आणि नाही पकडलं तरी तो थीसिस शोधगंगावर, म्हणजे देशभरचे थीसिस ठेवतात त्या वेबसाईटवर, गेल्यावर कोणाला शोधून सापडणार नाही. कृतीदेवची फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे फाईलच्या आतही खरं देवनागरी अक्षरच बसते त्या पद्धतीत, करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, एकेक प्रकरण टाका, मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'दुसऱ्या', 'विद्यार्थ्यांच्या' असे शब्द डोळ्यांनी तपासा, गडबड तिथंच होते. इंग्रजी शब्द मधे असतील तर त्यांचंही कायच्या काय होते. बोलून टाईप केलेलं आधीच युनिकोड आहे, पण त्यात विरामचिन्हं नसतात, तेही पाहावं लागेल. पूर्ण थीसिसला एकच फॉन्ट, कोकिळा घ्या किंवा निर्मला.

वर्डमध्ये हेडिंगला हातानं बोल्ड करू नका, स्टाईल लावा, प्रकरणाला हेडिंग एक, मुद्द्याला हेडिंग दोन. मग अनुक्रमणिका आपोआप बनते आणि पानं बदलली तरी एका क्लिकवर दुरुस्त होते. डीटीपीवाले अनुक्रमणिका हातानं टाईप करतात, आणि म्हणूनच तुमच्या फोटोत "संशोधनाची मर्यादा" पान ३८ आणि त्याच्यानंतरची "व्याप्ती" पान ३६ वर आहे. आणि स्टाईलमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर बदलत नाही म्हणून वैतागू नका, तिथं फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणून वेगळा रकाना असतो, देवनागरीचा फॉन्ट आणि साईज त्यात ठरते. हे मला कळायला एक अख्खी दिवाळी गेली होती. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश या पानांना रोमन आकडे, प्रकरण एकपासून साधे आकडे, त्यासाठी मधे सेक्शन ब्रेक टाका. डावीकडं बाइंडिंगसाठी दीड इंच सोडतात बहुतेक ठिकाणी, पण तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक आणा आणि तेच खरं माना, माझं नाही.

संदर्भसूचीत तुम्ही एपीए या संदर्भ लिहायच्या पद्धतीची सहावी आणि सातवी आवृत्ती दोन्ही मिसळल्यात. सातवी २०१९ ची, तिच्यात प्रकाशनाचं गाव लिहीत नाहीत, फक्त प्रकाशक. तुमच्या अर्ध्या नोंदींत पुणे, नागपूर आहे, अर्ध्यांत नाही. गाईडला विचारा कोणती, एकच ठेवा. मराठी संदर्भ आडनावानं, अकारविल्हे, वेगळे आणि इंग्रजी वेगळे.

प्लॅगरिझमचं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, १० ते ४० मधे आलं तर सुधारून परत द्यायला जास्तीत जास्त सहा महिने. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अवतरणचिन्हात संदर्भासह घेतलेलं त्यात मोजत नाहीत. तुमचा धोका दुसऱ्या प्रकरणात आहे, ते स्वतःच्या शब्दात आलं की निम्मं काम झालं.

परिशिष्टात तुम्ही ६४ मुलांची नावं, गाव आणि मार्क असा तक्ता जोडलाय. तो काढा, आजच काढा. थीसिस शोधगंगावर गेला की जगात कोणीही उघडून पाहू शकते, आणि एखाद्या पोडावरचं, म्हणजे कोलाम वस्तीवरचं, तिसरीचं पोरगं वाचनात नापास हे त्याच्या नावासकट कायमचं तिथं राहील. वि-१, वि-२ असे नंबर द्या, शाळांनाही अ, ब, क. परवानगीची पत्रं नाव झाकून लावा. कोलामी शब्दांची यादी मात्र नक्की ठेवा, देवनागरीत शब्द आणि पुढं मराठी अर्थ, पुढचा कोणी शिक्षक फक्त तेवढ्यासाठी तुमचा थीसिस उघडेल.

वेळेचं टेन्शन थोडं कमी करतो. २०२० चं रजिस्ट्रेशन म्हणजे तुम्हाला यूजीसीचे २०१६ चे नियम, सहा वर्षांच्या वर महिलांना दोन वर्षांची सवलत देता येते, पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, मुदत संपायच्या आधी करा. त्याच नियमात सबमिशनच्या आधी एक पेपर छापून आलेला आणि दोन ठिकाणी सादरीकरण लागते, त्याची सर्टिफिकेटं आहेत ना? नसतील तर उद्दिष्ट चारचाच पेपर करा. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, उन्हाळ्याचे ते दिवस सकाळी सहा ते दहा दिले तर कन्व्हर्टिंग आणि दुसरं प्रकरण दोन्ही उरकते, दुपारी तसंही ४५ च्या उन्हात लॅपटॉपही बसत नाही अन् माणूसही.

शेवटी शीर्षक. माझ्या स्वतःच्या वेळी पाच प्रती काळ्या बाइंडिंगमध्ये सोनेरी अक्षरात करून नेल्या, क्लार्कनं नोंदणीचं पत्र काढलं, त्यावर "चिकित्सक अभ्यास" आणि माझ्या कव्हरवर "विश्लेषणात्मक अभ्यास". एका शब्दापायी पाचही कव्हरं फाडून परत बांधली, आणि बाइंडिंगवाल्यानं वर मलाच ऐकवलं. तुमच्या पत्रात विषय "इयत्ता तिसरीतील" आहे, फोटोतल्या मुखपृष्ठावर "प्राथमिक स्तरावरील" लिहिलंय.