हळू धावतानाही फिटनेस बँड १७० ठोके का दाखवतो?

बहुधा बँड ठोके नाही, तुमची पावलं मोजतोय. बँडच्या मागचा सेन्सर हिरव्या दिव्याच्या उजेडात कातडीखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. पट्टा सैल असला की हाताचा हेलकावा त्यात मिसळतो आणि मिनिटाला १७० पावलं हीच नाडी समजली जाते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, सरकणार नाही इतका घट्ट बांधा. सेन्सर पुसून घ्या. व्यायामाचा मोड स्वतः सुरू करा, एरवी बरेच बँड मधूनमधूनच मोजतात. धावलेलं अंतरही चुकत असेल तर ॲपमध्ये भरलेली तुमची उंची बघा, पावलाची लांबी बरेचदा त्यावरूनच धरली जाते. वजनं उचलताना मात्र मनगटावरच्या बँडकडून फार अपेक्षा नको, तिथे छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टाच बरा. शंका आली तर थांबल्याबरोबर गळ्याशी नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा.